खाडीचं पाणी तपासताय? आधी भरती बघा

पेडणे तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या विज्ञान शिक्षकांचा प्रश्न आहे. शाळा शापोरा नदीच्या काठावर. तिसऱ्या (खाडीच्या तळातले शिंपले) काढणाऱ्या बायका म्हणतात की पूर्वीसारख्या मिळत नाहीत, नदी मेली. शाळेने मार्चमध्ये आणि मेमध्ये एका खासगी प्रयोगशाळेकडून पाणी तपासून घेतलं. विरघळलेला प्राणवायू मार्चमध्ये लिटरला ६.१ मिलिग्रॅम निघाला, मेमध्ये ३.४. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, म्हणे मर्यादेच्या पन्नास पट. हे दोन कागद ग्रामसभेत ठेवायचे आहेत. पुढे मुलांना घेऊन नियमित तपासणी सुरू करायची आहे आणि त्यासाठी पंचवीस हजार रुपये आहेत. काय विकत घ्यावं, काय मोजावं आणि खाडी आजारी आहे हे सिद्ध कसं करावं?

सर, ते कागद इतक्यात ग्रामसभेत नेऊ नका. पहिल्याच बाकावरून कोणी जाणता उठला तर पाच मिनिटांत तुमची बाजू पडेल, आणि मग पुढच्या खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

टीडीएसचं आधी मिटवू. अहवालात 'मर्यादा ५००' असा रकाना आहे ना? ती पिण्याच्या पाण्याची, लिटरला ५०० मिलिग्रॅमची, मर्यादा आहे. प्रयोगशाळेने विहिरीच्या पाण्याचा छापील नमुना काढला आणि त्यात तुमच्या खाडीचे आकडे भरले. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. मे महिन्यात खाडीच्या पाण्यात २५ ग्रॅम निघालं तर ते प्रदूषण नव्हे, तो समुद्र आत आला आहे, इतकंच. त्याच कागदावर सीओडी (पाण्यातली घाण रसायनाने जाळायला किती प्राणवायू लागतो तो आकडा) असेल तर तोही खोडा. ती चाचणी खाऱ्या पाण्यात क्लोराइडमुळे फसते. विशेष काळजी घेतली नसेल तर मीठच 'प्रदूषण' म्हणून मोजलं जातं. यात लबाडी असेलच असं नाही, सवयीने होतं. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षी असा अहवाल टाइप करून साहेबांच्या टेबलावर ठेवला होता. साहेब काही बोलले नाहीत, नुसती मिठाची बरणी माझ्यापुढे सरकवली.

आता प्राणवायू. तुम्ही अहवालांचे फोटो पाठवलेत हे बरं केलंत, कारण खरी गोष्ट वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आहे. मार्चचा नमुना पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी बारा वाजता घेतलेला. मेचा नमुना अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेसहाला. आपल्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती दुपारच्या आणि मध्यरात्रीच्या आसपास भरते, ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी लागते. म्हणजे मार्चमध्ये बाटलीत आलं ते भर उन्हातलं, समुद्रातून नुकतं आलेलं पाणी. मेमध्ये आलं ते चिखलावरून आणि खाजनांच्या (खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतांच्या) मानशींतून, म्हणजे बांधातल्या दारांतून, रात्रभर निथळत आलेलं पाणी. रात्री प्रकाशसंश्लेषण बंद असतं आणि श्वसन चालू असतं, त्यामुळे पहाटे प्राणवायू सगळ्यात कमी. त्यात ओहोटीची भर.

तुम्ही मार्च आणि मे यांची तुलना केलीत असं तुम्हाला वाटतं. प्रत्यक्षात तुलना झाली ती भरतीची आणि ओहोटीची. त्याच जागी एकाच दिवशी सकाळी साडेसहाला आणि दुपारी बाराला नमुना घ्या, जवळजवळ एवढाच फरक मिळेल. जुवारीच्या वरच्या अंगाला आम्ही एकदा चोवीस तास होडी नांगरून दर दोन तासांनी पाणी काढलं होतं. एप्रिल होता, डास होते आणि पेज थंड झाली होती. सकाळी उठून वहीतले आकडे बघितले तर ती एकच जागा रात्री 'आजारी' आणि दुपारी 'निरोगी' होती.

त्यात आणखी एक पेच आहे. तीस अंश तापमानाला गोडं पाणी लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू धरतं, समुद्राचं पाणी जेमतेम सव्वासहा. म्हणून ६.१ हा आकडा खाऱ्या पाण्यात 'काठोकाठ' आणि गोड्या पाण्यात 'जरा कमी' ठरतो. सोबत क्षारता आणि तापमान लिहिलेलं नसेल तर प्राणवायूच्या आकड्याचा अर्थच लागत नाही. तुमच्या दोन्ही कागदांवर क्षारता नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच, बाकी सगळं त्यातूनच निघतं: खाडीत कुठलाही आकडा एकटा लिहायचा नाही. आकड्यासोबत वेळ, भरतीची अवस्था आणि क्षारता. आणि तीच जागा, तीच अवस्था, वर्षानुवर्षं.

वेळ कशी ठरवायची? त्यासाठी तुमच्या घरात कालनिर्णय आहेच. उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (लहान भरती-ओहोटी) यांचं चक्र पावणेपंधरा दिवसांचं असतं. त्यामुळे दर पंधरवड्याला ठरावीक तिथीला, ठरावीक वाजता गेलात तर भरतीची अवस्था जवळपास तीच मिळते. महिन्याच्या पहिल्या शनिवारी जायचं ठरवलंत तर एकदा उधाण, एकदा भांग, एकदा भरती, एकदा सुकती म्हणजे ओहोटी, आणि वर्षाच्या शेवटी आकड्यांची खिचडी. शाळांचे असले उपक्रम बहुतेक इथेच बुडतात. यंत्रं चांगली असतात, वार चुकीचा असतो.

मी तुमच्या जागी असते तर अमावास्या आणि पौर्णिमेनंतरची द्वितीया धरली असती, आणि पहाटेची ओहोटी. मुलांना उठवणं कठीण, मान्य आहे. पण खाडीची सगळ्यात वाईट घडी तीच असते आणि तब्येत वाईट घडीलाच कळते. मुरगावच्या भरतीचं वेळापत्रक छापील मिळतं, त्यावरून अंदाज घ्या. मात्र ती वेळ मुरगावची आहे. लाट नदीतून वर चढायला वेळ घेते, तुमच्या धक्क्यावर भरती-ओहोटी उशिरा येणार. किती उशिरा, हे मुलांकडून काढून घ्या: धक्क्याच्या खांबावर रंगाने दर दहा सेंटिमीटरला खूण करा, एका रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर पंधरा मिनिटांनी पाण्याची पातळी लिहा. खर्च एका रंगाच्या डब्याचा. गणिताच्या तासाला आलेखही होईल.

आता पंचवीस हजारांचं. दुकानदार तुम्हाला पेनासारखे तीन-चार मीटर दाखवेल: पीएच, टीडीएस, ईसी, आणि भाव कमी करून देईल. त्यातलं काहीही आधी घेऊ नका. पहिली खरेदी क्षारतेचा रिफ्रॅक्टोमीटर. दोन-तीन हजारांत चांगला मिळतो, त्याला बॅटरी लागत नाही, दोन थेंब पाणी पुरतं. डोळ्याला लावून उजेडाकडे धरला की निळ्या-पांढऱ्या रेषेवर आकडा वाचायचा. दर वेळी आधी डिस्टिल्ड पाण्याचे दोन थेंब टाकून रेषा शून्यावर आहे का बघा, नसेल तर स्क्रू फिरवून आणा. त्याखालोखाल एक चांगला थर्मामीटर आणि सेक्की तबकडी. ती विकत घ्यायची गरज नाही. वीस सेंटिमीटरची पत्र्याची चकती, काळ्या-पांढऱ्या चार फाका, मध्ये दोरी, खाली वजन. पाण्यात सोडून दिसेनाशी होते ती खोली लिहायची. सावलीच्या बाजूने, गॉगल काढून, आणि शक्यतो दर वेळी त्याच मुलीने, कारण डोळे सगळ्यांचे सारखे नसतात.

प्राणवायूसाठी चांगल्या प्रोबचा मीटर तुमच्या पैशांत बसणार नाही, आणि स्वस्तातला सहा महिन्यांत खोटं बोलू लागतो. मी विंकलरची जुनी पद्धत घ्या म्हणेन. १८८८ सालची आहे आणि अजून मीटर तपासायला तीच वापरतात. काचेच्या घट्ट बुचाच्या बाटल्या, मँगनीज सल्फेट, अल्कली-आयोडाइड, सल्फ्युरिक आम्ल, थायोसल्फेट, स्टार्च. तुमच्या बारावीच्या प्रयोगशाळेत यातलं निम्मं असेल.

ही पद्धत मुलांनी एकदा होडीत बघावीच. बाटली पाण्याखाली तिरकी धरून भरायची, किंवा नळीचं टोक बाटलीच्या तळाशी ठेवून पाणी ओसंडू द्यायचं. एकही बुडबुडा राहता कामा नये, कारण बुडबुडा म्हणजे बाहेरची हवा. मग पहिलं रसायन, दुसरं रसायन, बूच लावून उलटसुलट करायचं. पाण्यात ढग उठतो. प्राणवायू भरपूर असेल तर तो ढग चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी होतो आणि हळूहळू खाली बसतो. कमी असेल तर फिकट. आणि पांढरा राहिला तर समजा पाण्यात प्राणवायू नाहीच. मी एकदा शहराच्या एका नाल्याच्या तोंडाशी, मांडवीला मिळतो तिथे, बाटली भरली होती. साका पांढराशुभ्र बसला. माझ्याबरोबरचा होडीवाला म्हणाला, "दूध जालें मगे?" तीस वर्षांत हजारभर अहवाल लिहिले असतील, पण 'शून्य' म्हणजे काय ते मला त्या बाटलीने शिकवलं.

पुढचं टायट्रेशन, म्हणजे थायोसल्फेट थेंब थेंब टाकून प्राणवायू मोजणं, शाळेत करा. आम्ल फक्त तुम्ही हाताळा, मुलांच्या हाती नको. साका बसलेली बाटली अंधारात, बुचापर्यंत पाण्यात बुडवून ठेवली तर काही तास टिकते. फेरीवर होडीत बसून टायट्रेशन करायच्या भरीला पडू नका. आम्ही पडलो होतो. ब्युरेट आणि लाट यांचं जमत नाही.

जागा तीनच घ्या. मोरजीकडचं मुख, शिवोली-चोपडे पुलाच्या आसपास आणि कोलवाळच्या वरच्या अंगाला एक. चौथी जागा तुमच्या संशयाची: एखाद्या ओहोळाचं तोंड, हॉटेलांच्या मागचा नाला, जे असेल ते. दहा जागा घेऊन तीन महिन्यांत दमण्यापेक्षा तीन जागा पाच वर्षं करा. नमुना काठावरच्या साचलेल्या पाण्यातून नको आणि फेरीबोटीच्या धक्क्याखालून तर नकोच, तिथे पंखा चिखल ढवळत असतो. प्रवाहात, पुलावरून बादली सोडून किंवा होडीतून घ्या. पावसाळ्यात होडी नाही म्हणजे नाही, कितीही उत्साह असला तरी.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं, कारण आपल्या नद्या जून ते सप्टेंबर अगदी दुसऱ्याच असतात. उन्हाळ्यात वरून गोडं पाणी नावाला येतं, भरती-ओहोटी खाडी घुसळून काढते, वर-खाली क्षारता जवळपास सारखी. जुलैत वरून लोंढा येतो. गोडं पाणी हलकं म्हणून वरून वाहतं आणि मुखाजवळ खारं पाणी पाचरीसारखं तळाशी सरपटत आत शिरतं. बादलीने वरचं पाणी काढलंत तर क्षारता शून्य, आणि तळाशी तीन-चार मीटरवर ती वीसच्या वर असू शकते. तिसऱ्या राहतात तळाशी. त्यांना वरचं पाणी कसं आहे याच्याशी काय देणंघेणं? म्हणून तळाचं पाणी काढायची सोय करा. वजन बांधलेली बाटली, बुचाला वेगळी दोरी, तळाला टेकल्यावर झटका देऊन बूच उपटायचं. प्राणवायूसाठी ही युक्ती चालत नाही, बाटली भरताना हवा घुसते, पण क्षारतेला उत्तम.

शापोरेचं वरचं पाणी तिळारीचं, आणि तिळारीवर धरण आहे. उन्हाळ्यात किती गोडं पाणी खाली पोचतं यावर तुमच्या गावापुढची क्षारता ठरणार. रिफ्रॅक्टोमीटरची पाच वर्षांची वही या एका गोष्टीसाठीसुद्धा सोन्यासारखी आहे. खाजनात भात लावणाऱ्यांनाही तीच हवी असेल, विचारून बघा.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मुखाशी प्राणवायू अचानक घसरला तर घाबरून कोणावर बोट ठेवू नका. त्या दिवसांत अरबी समुद्रातलं खोलचं, प्राणवायू कमी असलेलं पाणी आपल्या किनाऱ्यालगत वर सरकतं. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोरच्या समुद्रात १९९७ पासून एका ठरावीक जागी मोजणी चालू ठेवली म्हणून हे इतक्या नीट कळलं. पुन्हा तेच: एक जागा, अनेक वर्षं. भरतीबरोबर आत येणारा प्राणवायू कमी असेल तर दोष समुद्राकडचा, ओहोटीबरोबर बाहेर जाणारा कमी असेल तर खाडीच्या आतला. दोन्ही अवस्थांना एकेक बाटली भरली की भांडण मिटतं.

सांडपाण्याचा संशय असेल तर मात्र शाळेच्या प्रयोगशाळेत भागणार नाही. विष्ठेतल्या जिवाणूंची तपासणी, म्हणजे फीकल कॉलिफॉर्म, बाहेरूनच करून घ्या. निर्जंतुक बाटली त्यांच्याकडून घ्या, आत बोट लावू नका, बर्फात ठेवा आणि सहा तासांच्या आत पोचवा. पणजीला जायला तुम्हाला वेळ आहे, पण मध्ये कुठे चहाला थांबू नका. केंद्राने किनारी पाण्याचे एसडब्ल्यू-१ ते एसडब्ल्यू-५ असे पाच वर्ग केले आहेत. आंघोळीच्या, पोहण्याच्या पाण्याचा वर्ग दुसरा: प्राणवायू ४ मिलिग्रॅम किंवा संपृक्ततेच्या ५० टक्के, यातलं जे जास्त ते, बीओडी (जिवाणू घाण कुजवताना किती प्राणवायू खातात तो आकडा) ३ च्या आत, फीकल कॉलिफॉर्म १०० मिलिलिटरला १००. शिंपले काढायच्या पाण्याला पहिला वर्ग, तिथे प्राणवायू ५ किंवा ६० टक्के. तुमचा अहवाल या रकान्यांत मांडायला सांगा, पिण्याच्या पाण्याच्या नव्हे. आणि पहिल्या पावसानंतर लगेच नमुना घेतलात तर आकडा आभाळाला भिडेल, कारण कोरड्या महिन्यांचा काठावरचा सगळा कचरा एका दिवसात खाली येतो. तोही खरा आकडा आहे, फक्त त्यावर 'पहिला पाऊस' असं लिहा.

नायट्रेट, फॉस्फेट, अमोनिया यांच्यासाठी पहिल्या वर्षी पैसे घालवू नका. पुढे कधी केलंत तर एक युक्ती. मुखापासून वरपर्यंत एकाच फेरीत सात-आठ नमुने घ्या. आलेखावर आडव्या अक्षावर अंतर नको, क्षारता घ्या. उभ्या अक्षावर नायट्रेट. नदीचं पाणी आणि समुद्राचं पाणी नुसतं मिसळत असेल तर ठिपके एका सरळ रेषेवर पडतात. मधेच ठिपके रेषेच्या वर फुगले तर तिथे कोणीतरी वाटेत काही ओततंय. खाली झुकले तर वाटेत कोणीतरी ते खातंय, बहुधा शैवाल. इतक्या साध्या आलेखात खाडी इतकं बोलते याचं मला अजून नवल वाटतं.

पण तुमचा मूळ प्रश्न पाण्याचा नाहीच. तिसऱ्यांचा आहे. पाणी दर सहा तासांनी बदलतं, चिखल आणि शिंपले जागच्या जागी राहतात, म्हणून वर्षभराची हकिकत त्यांच्याकडेच असते. मला एकच तपासणी करायची मुभा दिली तर मी बाटली ठेवून फावडं घेईन.

ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात एक स्वच्छ, पारदर्शक प्लॅस्टिकची नळी किंवा बूड कापलेली पाण्याची बाटली उभी दाबा, तोंड हाताने बंद करून उपसा. बाजूने बघा. वर तपकिरी साय असेल, खाली काळा थर. तपकिरी म्हणजे प्राणवायू पोचतो, काळा म्हणजे पोचत नाही, तिथे सल्फाइड आहे, सडक्या अंड्याचा वास त्याचाच. खाडीच्या चिखलात काळा थर असणारच, त्यात विकृती काही नाही. प्रश्न हा की तपकिरी साय किती जाड आहे. पट्टी लावून मोजा. कुठे दोन-तीन सेंटिमीटर असेल, कुठे दोन मिलिमीटर, आणि नाल्याच्या तोंडाशी कदाचित काळा थर थेट वर आलेला असेल. त्याच जागी दर तीन महिन्यांनी नळी घाला, फोटो काढा, शेजारी पट्टी आणि तारखेची चिठ्ठी ठेवून. ग्रामसभेत शंभर आकड्यांपेक्षा अशा चार नळ्यांचे फोटो जास्त बोलतील.

मग तिसऱ्या. पाव मीटर बाय पाव मीटरची सळीची चौकट करा. चिखलावर किंवा रेतीवर ठेवा, आतली वीतभर खोल माती उपसून चाळणीत धुवा. मिळेल ती प्रत्येक तिसरी मोजा आणि तिची लांबी मिलिमीटरमध्ये लिहा. बारीकसारीकसुद्धा, नखाएवढीसुद्धा. मग परत टाका. एका जागी दहा चौकटी, वर्षातून तीनदा: पावसाळा ओसरल्यावर, जानेवारीत आणि मे महिन्यात.

खरी माहिती लांबीच्या रकान्यात आहे. मोठ्या नाहीत पण बारीक खंडीभर आहेत, तर गावच जास्त काढतंय, खाडीला दोष देऊ नका. मोठ्या आहेत पण बारीक नाहीतच, तर नवी पिढी रुजत नाही. मग अळ्या येत नाहीत, की आल्या तरी टिकत नाहीत, की तळच बदललाय, हे शोधायचं. दोन्ही नाहीत आणि रिकाम्या जोडशिंपा पडल्या आहेत, तर काहीतरी एकदम मारून गेलंय. मोठ्या पुरानंतर गोड्या पाण्याने शिंपले मरतात, ते नैसर्गिक आहे आणि दर काही वर्षांनी होतं. आणि चौकटीत रेतीच नाही, नुसता मऊ गाळ, जिथे आजीच्या काळी पायाला रेती लागायची, तर रेती काढणाऱ्या होड्यांबद्दल विचारा. तळच उचलून नेला तर तिसरीने घर कुठे करायचं? पाण्याचा कुठलाही अहवाल तुम्हाला हे सांगणार नाही. त्यात प्राणवायू छान असेल, पीएच छान असेल आणि तिसरी एकही नसेल.

बायकांचं म्हणणं 'लोकांचं म्हणणं' म्हणून बाजूला ठेवू नका, ती तुमची सगळ्यात जुनी आकडेवारी आहे. फक्त ती नीट विचारायला हवी. 'पूर्वी खूप मिळायच्या का?' असं विचारलंत तर सगळ्या 'हो' म्हणतील. विचारा: एका सुकतीला किती वेळ बसता, त्या वेळात पाटी किती भरते, अमुक लग्न झालं त्या वर्षी किती भरायची, कुठल्या खडकाच्या आसपास. चार-पाच जणींना वेगवेगळं विचारा. पुढे दर पंधरवड्याला एकीचीच पाटी वजन करून, तास लिहून ठेवा. तासाला किती किलो, हा एकच आकडा. मत्स्यशास्त्रज्ञ यापेक्षा फार वेगळं काही करत नाहीत.

जाता जाता खारफुटीबद्दल. कांदळ आणि तिवर वाढले की खाडी सुधारली, असं वर्तमानपत्रांत दर वर्षी छापून येतं. पुष्कळदा ते खरं असतं. पण आपल्याकडे खाजनाचा बांध फुटला, मानस मोडली, भात सोडून दिलं की दोन-चार वर्षांत तिथे खारफुटी उभी राहते. उपग्रहाच्या चित्रात ती हिरवी दिसते, गावाच्या हिशेबात ती गेलेली शेती असते. दोन्ही एकाच वेळी खरं. म्हणून झाडं मोजायचीच असतील तर आधी ती जागा वीस वर्षांपूर्वी काय होती हे वयस्कर माणसाला विचारा. धातूंच्या तपासणीत तर पडूच नका. आपली माती मुळातच लोहाची, मांडवी-जुवारीत खनिजाच्या बार्जेसनी त्यात भर घातली, आणि चिखलातलं 'आपलं' लोह कुठलं व 'सांडलेलं' कुठलं हे वेगळं काढायला ॲल्युमिनियमशी गुणोत्तर आणि खोलवरच्या मातीचा गाभा लागतो. ते काम संस्थांचं.

सिद्ध करण्याबद्दल विचारलंत. शाळेची वही कोर्टात पुरावा होत नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २१ मध्ये सांडपाण्याचा नमुना कसा घ्यायचा, समोरच्याला नोटीस कशी द्यायची, नमुन्याचे दोन भाग कसे करायचे हे ठरलेलं आहे आणि ते अधिकार प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसांचे आहेत. तुमच्या वहीचं काम त्यांना योग्य दिवशी, योग्य वाजता, योग्य जागी आणणं. 'पाणी घाण आहे, या' म्हटलं तर ते त्यांच्या सवडीने, भर भरतीच्या दुपारी येतील आणि सगळं ठीक असल्याचा अहवाल देतील. 'द्वितीयेच्या पहाटेच्या ओहोटीला या नाल्याच्या तोंडाशी सलग सहा वेळा प्राणवायू दोनच्या खाली मिळाला, वीस मीटर वर पाचच्या वर होता' असं तारीखवार लेखी दिलंत तर त्यांना त्याच वेळी न यायला सबब उरत नाही. २०१८ मध्ये केंद्रीय मंडळाने देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यात गोव्यातले ११ होते. नाव यादीत येतं ते अशाच नियमित मोजणीतून. आकडा चांगला असो वा वाईट, मोजणी थांबली की नदी यादीतून नाही, नजरेतून जाते.

ग्रामसभेत या खेपेला प्राणवायूचे कागद नेऊ नका, चौकट आणि चाळणी घेऊन जा. बायकांनाच सांगू दे कुठे किती मिळायच्या, गावच्या नकाशावर त्यांच्या हाताने खुणा करून घ्या आणि ठराव एवढाच मागा की शाळेला या चार जागी वर्षभर मोजायला पंचायत होडी देईल.

वही पेन्सिलीने लिहा, शाई भिजते. चुकलेला आकडा खोडू नका, एक रेघ मारून शेजारी नवा लिहा. दर फेरीला एका जागेच्या दोन बाटल्या भरा, दोघींचा आकडा किती जुळतो तेवढाच तुमच्या हातावरचा भरवसा. तुमची पहिली फेरी येत्या अमावास्येनंतरच्या द्वितीयेला धरा. पहाटे साडेपाचला धक्क्यावर अंधार असतो, दोन टॉर्च न्या आणि मुलांना जुनी पायताणं घालायला सांगा. अनवाणी नको, कालवांच्या कडा पाय कापतात.